गच्चीवरचं ३ किलोवॉटचं वीजघर: इंदूरमध्ये मिळणाऱ्या सोलर पॅकेजचं परीक्षण

सुदामानगर, लोकमान्यनगर, वैशालीनगर अशा वसाहतींतल्या स्वतंत्र घरांसाठी इंदूरचे विक्रेते जे सोलर पॅकेज पुढे करतात, ते साधारण एकाच साच्याचं असतं. ५४५ वॉटची ६ पॅनेलं, ३ किलोवॉटचा सिंगल फेज ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज घरच्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेत बदलणारी आणि ग्रिडशी, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याशी जोडलेली पेटी), लोखंडी सांगाडा, डीसी आणि एसीच्या दोन पेट्या, तीन अर्थिंग, एक लाइटनिंग अरेस्टर (आकाशातून पडलेली वीज जमिनीत उतरवणारा) आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत पाठवलेली, दोन्ही वीज मोजणारा). हे परीक्षण त्या पॅकेजचं आहे, कुठल्या एका विक्रेत्याचं नाही. माल सगळीकडे जवळपास तोच असतो, फरक पडतो तो बसवण्यात.

निकाल आधीच सांगतो. पॅनेलं उत्तम, इन्व्हर्टर चांगला, सांगाडा चालण्याजोगा. पण पॅनेलपासून मीटरपर्यंतच्या तारा, जोड आणि अर्थिंग हा भाग बऱ्याच घरांत कच्चा राहतो. तरीही घ्यावं का? जरूर घ्यावं. फक्त गीझर किंवा फ्रिज घेतो तसं नव्हे. हे छोटं वीजकेंद्र आहे, आणि ते वीजकेंद्रासारखंच तपासून ताब्यात घ्यायला हवं.

मोठ्या केंद्रांशी त्याची तुलना केली की पॅकेजमधली कुठली वस्तू कशासाठी आहे ते नीट कळतं. खंडवा जिल्ह्यातलं श्री सिंगाजी औष्णिक केंद्र २,५२० मेगावॉटचं आहे. तिथे कोळशाची भुकटी बॉयलरमध्ये जळते, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि त्याच दांड्यावर जोडलेला जनित्राचा रोटर फिरतो. रोटरला दोन ध्रुव आणि मिनिटाला ३,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते ती या हिशोबाने. या साखळीत सगळ्यात मोठी गळती वाफेची आहे. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून पुन्हा पाणी करावी लागते आणि तिच्यातली उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. कोळशातल्या शंभर भाग उष्णतेतून वीज होते ती ३६ ते ३८ भागांची. खरगोनच्या नव्या केंद्रात वाफेचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेलं, तेव्हा कुठे हा आकडा ४१ च्या पुढे गेला. विजेच्या एका युनिटला आपल्याकडचा सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो.

इंदिरासागरच्या १२५ मेगावॉटच्या ८ संचांत वाफेची भानगड नाही. धरणातलं पाणी थेट टर्बाइनच्या पात्यांवर येतं आणि त्याच्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास विजेत उतरते. पण पाणी ६० मीटरवरून पडत असेल तर एका युनिटसाठी जवळपास ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर पाणी खाली सोडावं लागतं. देवासजवळच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्यांत हेच काम वारा करतो, आणि कितीही चांगलं पातं बनवलं तरी वाऱ्यातली ५९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढता येत नाही, हे गणितानेच ठरलेलं आहे. कोळसा, पाणी, वारा, तिन्ही ठिकाणी शेवटी काम एकच: तारेच्या वेटोळ्यांमध्ये चुंबक फिरवायचा.

गच्चीवरच्या पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. सिलिकॉनच्या पातळ चकतीत, म्हणजे पेशीत, दोन थर असतात, एकात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात कमी. जिथे दोन्ही भेटतात तिथे कायमचा विद्युतक्षेत्राचा उतार तयार झालेला असतो. प्रकाशाचा कण पुरेशा ऊर्जेचा असेल, सिलिकॉनसाठी १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर, तर तो एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि तो उतार त्याला एका दिशेला ढकलतो. त्याहून कमी ऊर्जेचे कण आरपार जातात किंवा नुसती उष्णता देतात. जास्त ऊर्जेच्या कणांची वरची ऊर्जाही उष्णताच होते. म्हणून २.५८ चौरस मीटरच्या ५४५ वॉट पॅनेलची कार्यक्षमता २१ टक्के. ऊन फुकट असल्यामुळे हा कमी आकडा खिशाला लागत नाही, जागेला लागतो. सहा पॅनेलं मिळून १६७ चौरस फूट होतात. पण चालायची, धुवायची आणि सावली टाळायची जागा धरली तर २५० ते ३०० चौरस फूट मोकळी गच्ची हवी. राजवाड्याच्या मागच्या जुन्या, पत्र्याच्या आणि लाकडी सऱ्यांच्या घरांवर हे पॅकेज बसवण्याआधी छताचा भार तपासून घ्या. एक पॅनेल २८ किलोच्या आसपास, दोन्हीकडून काच असलेलं त्याहून जड, आणि खालच्या लोखंडाचं वजन वेगळं.

बहुतेक तक्रारींचं मूळ उष्णतेत आहे. पॅनेलवर छापलेले ५४५ वॉट हे पेशीचं तापमान २५ अंश असताना प्रयोगशाळेत मोजलेले असतात. मे महिन्यात इंदूरात हवा ४१-४२ अंशांवर असते, तेव्हा पेशी ६५ ते ७० अंशांवर जाते. दर अंशाला ०.३५ टक्के घट, म्हणजे ६७ अंशांना जवळपास १५ टक्के गेले. सहा पॅनेलांचे ३.२७ किलोवॉट तिथेच २.८ वर येतात. धूळ, तारा आणि इन्व्हर्टरचा वाटा वजा केला की इन्व्हर्टरच्या मोबाईल ॲपवर भर दुपारी २.५ किलोवॉट दिसतात. हा बिघाड नाही. उलट मार्चच्या सुरुवातीला, हवा थंड आणि आकाश स्वच्छ असताना, हाच संच सगळ्यात चांगला चालतो. ३ किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर ३.२७ किलोवॉटची पॅनेलं लावतात तीही याच कारणाने. ती चूक नसून शहाणपण आहे.

हवा खेळली तर पॅनेल थोडं थंड राहतं. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगत्या सोलर प्रकल्पात खालचं पाणी ते काम करतं. गच्चीवर पॅनेल आणि फरशी यांच्यामध्ये निदान एक फूट जागा ठेवावी. खाली वापरता यावं म्हणून ८ फूट उंच सांगाडा करून मागणारे बरेच आहेत. हरकत नाही, पण वादळात पॅनेलखाली शिरणारा वारा पूर्ण सांगाड्याला वर उचलू पाहतो. अशा वेळी खांबांना तिरपे टेके हवेत, लोखंडावर ८० मायक्रॉनचं गरम जस्ताचं कोटिंग हवं आणि ताशी १५० किलोमीटर वाऱ्यासाठी केलेला हिशोब विक्रेत्याने कागदावर द्यायला हवा. साध्या लोखंडाला रंग फासून आणलेला सांगाडा परत पाठवा. वेल्डिंगच्या जागी दोन पावसाळ्यांत गंज फुटतो. खांब बोल्टने स्लॅबमध्ये ठोकले तर त्या भोकांतून पाणी झिरपतं. केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) आणि वरून वॉटरप्रूफिंग, नाहीतर काँक्रीटचे ठोकळे, असं आधीच ठरवून घ्या.

दिशा दक्षिण, कल २० ते २३ अंश, कारण इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथली खरी दुपार घड्याळात बारा वाजता होत नाही, साडेबाराच्या सुमारास होते, म्हणून संच तपासायचा तर त्या वेळी बघावा. सावलीचा हिशोब डिसेंबरचा करा. २१ डिसेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य २६ अंशांवर असतो, त्यामुळे पाण्याची टाकी दीड मीटर उंच असेल तर तिची सावली तीन मीटर लांब पडते. पॅनेलच्या पेशी एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात. एका पेशीवर सावली आली की पूर्ण ओळीचा प्रवाह अडतो. त्यासाठी प्रत्येक पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात. ते सावलीतला भाग वळसा घालून सोडून देतात, पण त्या भागाची वीज गेलीच. टाकीच्या पाइपाची बोटभर जाडीची सावलीसुद्धा तिसरा हिस्सा खाऊ शकते. टाकी हलवणं स्वस्त पडतं, पॅनेल नंतर हलवणं महाग.

आता तारांकडे येऊ. इथे पॅकेज खरोखर कमी पडतं.

सहा पॅनेलं मालिकेत जोडली की थंडीच्या पहाटे, ८ अंशांवर, मोकळं व्होल्टेज, म्हणजे प्रवाह वाहत नसतानाचं, ३१२ पर्यंत जातं. कडक उन्हाळ्यात चालू व्होल्टेज २१५ च्या आसपास. दोन्ही इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसतात, ती चिंता नको. चिंता आहे ती डीसीच्या स्वभावाची. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये शून्य येतच नाही. ३०० व्होल्टच्या डीसीवर घरगुती एसीचा एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप उघडणारा स्विच) लावला, तर तो उघडल्यावरही आतली ठिणगी जळत राहते आणि पेटी वितळते. डीसीच्या पेटीत काय लावलंय ते झाकण उघडून बघा. त्यावर डीसी व्होल्टेज छापलेलं हवं, सर्ज प्रोटेक्टरही (अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा) डीसीचाच हवा. एकच माळ (मालिकेत जोडलेल्या पॅनेलांची ओळ) असलेल्या या संचात फ्यूज नसला तरी चालतं, कारण उलटा प्रवाह पाठवायला शेजारी दुसरी माळच नाही. फ्यूज दाखवून पैसे वाढवणाऱ्याला हे ऐकवता येईल.

दुसरी जागा पॅनेलांमधल्या जोडांची. पॅनेलांच्या तारा जोडणारे एमसी-४ कनेक्टर दिसायला सगळे सारखे, पण एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडली तर आतली धातूची पकड पूर्ण बसत नाही. १३ अँपिअर दिवसभर त्या अर्धवट जोडातून गेले की तो तापतो, काळा पडतो, एक दिवस जळतो. तार जागेवर कापून टोक बनवताना योग्य क्रिम्पिंगचं हत्यार न वापरता पकडीने दाबलं, तरी हेच. तार ४ चौरस मिलिमीटरची, सोलरसाठीच्या आवरणाची, आणि सांगाड्याला यूव्ही टायने (उन्हात न सडणाऱ्या पट्टीने) बांधलेली असावी. फरशीवर लोळणाऱ्या तारेला पावसाचं पाणी, उंदीर आणि ऊन तिन्ही खातात.

अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: सांगाडा व पॅनेलांचं, इन्व्हर्टरचं आणि लाइटनिंग अरेस्टरचं. अरेस्टरची पट्टी इतर दोघांना न जोडता, वळणं न घेता सरळ खाली उतरली पाहिजे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगा पडून इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंगचा रोध चढतो. सप्टेंबरमध्ये २ ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये ८ ओहम दाखवू शकतो. मोजमाप उन्हाळ्यात करून घ्यावं, ५ ओहमच्या आत हवं, खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) असावं आणि एप्रिल-मेमध्ये अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. नुसती तांब्याची तार जमिनीत खुपसून निघून जाणारे मिस्त्री थोडे नाहीत.

इन्व्हर्टरवर मात्र खूश व्हावं असं काम आहे. आत चार इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि डीसीचे तुकडे अशा हिशोबाने पाठवतात की गाळणीतून बाहेर पडताना ५० हर्ट्झची गुळगुळीत लाट तयार होते. शिवाय ती लाट बाहेरच्या ग्रिडच्या लाटेशी पावलाला पाऊल जुळवून चालते. सिंगाजीचा अवजड रोटर आणि भिंतीवरची ही पेटी एकाच तालात चालतात. ९७ ते ९८ टक्के कार्यक्षमता, आवाज नाही, तेल नाही. पॅनेलचं व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा होतो तो बिंदूही तो सतत शोधत असतो. ढग आला, गेला, तरी पुन्हा जुळवून घेतो.

पण लाइट गेली की हा संच बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. बाहेरची लाट नसेल तर इन्व्हर्टरने वीज पाठवायची नाही, हा नियम खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी आहे. लाइट परत आल्यावरही तो निदान मिनिटभर थांबून, ग्रिड स्थिर आहे ना हे पाहून मगच जोडतो. "लाइट गेली तरी एसी चालेल" असं ऑनग्रिड संच विकताना कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडून घेऊ नका. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. आणि एक धोक्याची युक्ती काही वायरमन सुचवतात: सोलरची आउटपुट तार घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडायची, म्हणजे लाइट गेल्यावरही सोलर चालू राहील. चालतोही तो, कारण जुन्या इन्व्हर्टरची लाट त्याला ग्रिडच वाटते. पण घरात खपत नाही ती वीज मग उलटी त्या जुन्या इन्व्हर्टरमध्ये शिरते, बॅटरी बेसुमार चार्ज होते, सर्किट जळतं, बॅटरी फुटूही शकते. असं कधीही करू देऊ नका.

दुपारी बारा ते दोनमध्ये इन्व्हर्टर वारंवार बंद पडून पुन्हा चालू होत असेल आणि पडद्यावर जास्त व्होल्टेजचा इशारा येत असेल, तर दोष पॅनेलचा नाही. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला ग्रिडपेक्षा किंचित वरचं व्होल्टेज धरावं लागतं. २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर, त्याने सुटायचं असा नियम आहे. एका ट्रान्सफॉर्मरवर बरीच घरं एकाच वेळी वीज परत पाठवू लागली की व्होल्टेज आधीच चढलेलं असतं, त्यात इन्व्हर्टर ते मीटरची तार बारीक असेल तर भर पडते. गच्चीपासून मीटर २५ मीटर दूर, तार अडीच चौरस मिलिमीटरची, प्रवाह १३ अँपिअर: जाण्या-येण्याच्या तारेत मिळून जवळपास ५ व्होल्ट जातात. तीच तार ६ चौरस मिलिमीटर तांब्याची घेतली तर २ व्होल्ट. हजार-दोन हजार वाचवायला बारीक तार टाकतात आणि नेमकी सगळ्यात भरलेली दुपार वाया जाते. तार बदलूनही भागलं नाही, तर आठवडाभराच्या नोंदी घेऊन वीज कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी) बदलण्याचा अर्ज द्यावा. इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून द्यायला सांगू नये. त्याचा त्रास शेजाऱ्यांच्या फ्रिज-टीव्हीला होतो.

उत्पादन किती अपेक्षावं? इंदूरात वर्षाची सरासरी दिवसाला १२ ते १४ युनिट, वर्षाला साधारण ४,५०० युनिट. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ दिवशी ५-६ युनिटांवर समाधान मानावं लागतं. औष्णिक केंद्रात वर्षाची ही ४,५०० युनिट वीज करायला सुमारे ३ टन कोळसा जाळावा लागला असता. पॅनेल पहिल्या वर्षी २ टक्के आणि पुढे दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतं. हमीपत्रात वस्तूची १२ वर्षं आणि उत्पादनाची २५ वर्षं अशी दोन वेगळी आश्वासनं असतात, दोन्ही वाचा.

फेब्रुवारी ते जून धूळ बसते, तेव्हा १०-१५ दिवसांनी पॅनेलं धुवावीत. सकाळी ऊन चढण्याआधी, मऊ ब्रशने, साबणाशिवाय. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. बोअरिंगचं जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग ठेवतं आणि ते पुढे निघत नाहीत, त्यापेक्षा नळाचं नर्मदेचं पाणी बरं. पण मोजूनच, कारण ते नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटरवरून पंपाने चढवून आणलेलं असतं आणि त्याच पंपांच्या वीजखर्चासाठी महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढून ६० मेगावॉटचा सोलर प्रकल्प हाती घेतला. सहा पॅनेलांना एक-दीड बादली पुरते.

पैशांचं थोडक्यात. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळून ७८,००० रुपये अनुदान खात्यात येतं. ३ किलोवॉटच्या पुढे ते वाढत नाही, त्यामुळे हाच आकार बहुतेकांना परवडतो. अनुदानासाठी पॅनेलच्या पेशीही भारतीयच लागतात, म्हणून ती थोडी महाग. आयात पेशींची स्वस्त पॅनेलं लावून "अनुदान करून देऊ" म्हणणाऱ्याकडे पेशींच्या स्रोताचा दाखला मागा. १० किलोवॉटपर्यंत वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, तरी मंजूर भार संचापेक्षा कमी असेल तर तो वाढतो आणि त्याबरोबर बिलातला स्थिर आकारही, हे आधी विचारून घ्या.

गुण द्यायचे तर पॅनेलांना दहापैकी नऊ, इन्व्हर्टरला आठ, सांगाड्याला सहा, तारा-जोड-अर्थिंगला चार. शेवटचा हप्ता, निदान दहा टक्के रक्कम, या चार गोष्टी हातात आल्यावरच द्यावा: तिन्ही अर्थिंगचे मोजलेले आकडे, सहाही पॅनेलांच्या अनुक्रमांकांची यादी, इन्व्हर्टरच्या ॲपचा मालकाच्या नावाचा लॉगिन, आणि स्वच्छ उन्हात साडेबाराला विक्रेत्यासमोर घेतलेलं डीसी व्होल्टेज, एसी व्होल्टेज व प्रवाहाचं वाचन. ॲपचा लॉगिन विक्रेते अनेकदा स्वतःकडेच ठेवतात. तो मागायला विसरू नका, पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीत बिघाड कधी झाला ते त्याच नोंदींतून दाखवता येतं.